कच्ची टीप

दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी मास्तरांच्या दंडाभोवती टेप गुंडाळला, आकडा बघितला आणि लिहायला मान वळवली. तेवढ्या वेळात मास्तरांनी तो आकडा उलटा वाचून घेतला. शिंपी माणूस, टेपवरचे उलटे आकडे वाचणं हा त्यांचा उभ्या जन्माचा धंदा, त्यामुळे नजर आपोआप गेली आणि गेली ती तिथेच अडकली. हा दंड त्यांचा नव्हता. हा दंड दहावीतल्या एखाद्या लुकड्या पोराचा होता, ज्याची आई 'बाही जरा मोठीच ठेवा मास्तर, पोरगं वाढतंय' असं बजावून जाते. मास्तरांना आधी बाईंचीच कीव आली. नवीन असतील बिचाऱ्या. टेप धरायलाही हात बसावा लागतो, तो काही पुस्तकं वाचून बसत नाही. "बाई, टेप जरा घट्ट ओढला गेला वाटतं," ते जमेल तितक्या सौम्यपणे म्हणाले, "पुन्हा एकदा बघता का?" बाई गोल चेहऱ्याच्या, चष्मा डोक्यावर सरकवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी राग मानला नाही. टेप सरळ मास्तरांच्या हातात दिला. "तुम्हीच घ्या की. तुमच्याइतकी सवय मला कुठली?" मास्तरांनी टेपचं टोक दातात धरलं, डाव्या हाताने वेढा दिला, अंगठा लावला. आकडा तोच आला. नीट बघितलं तर बाईंनी उलट दोराभर जास्तच दिला होता.

ते उघड्या अंगाने उंच टेबलावर बसले होते, शर्ट घडी करून मांडीवर. दुसऱ्याला हात पसरून उभं करायचं आणि आपण मात्र कॉलरचं बटण लावून त्याचं माप घ्यायचं, असंच आजवर चालत आलेलं. आज बाजू बदलली होती आणि गिऱ्हाइकं मापाच्या वेळी छताकडे का बघतात ते त्यांना आत्ता कळत होतं. तेही छताकडे बघू लागले. पण मन छतावर थांबेना. मन एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं, की दंड जर एवढासा असेल, तर शर्ट कसा बसतो? सकाळीच आरशासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात पुढे करून बघितले होते. बाही अंगासरशी. ना झोळ, ना सुरकुती. हा शर्ट त्यांनी स्वतः बेतलेला, आजाराच्या कितीतरी आधी, आणि तेव्हाही तो असाच बसायचा. माणूस खोटं बोलतो, वजनकाटा बोलतो, ओढून धरला तर टेपसुद्धा बोलतो, पण शर्ट खोटं बोलत नाही, हे मास्तरांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान होतं. दुकानात कुणी 'माझं काही वजन वाढलेलं नाही हो' म्हणून हुज्जत घालायला लागलं, की ते काही न बोलता त्याचाच जुना शर्ट त्याला घालायला सांगत. बटण लागत नसे आणि हुज्जत तिथेच संपत असे. आता तोच न्याय स्वतःला लावला तर शर्ट सांगत होता, मास्तर, तुम्ही ठणठणीत आहात. आणि टेप काही वेगळंच सांगत होता.

ठणठणीत असणं फार गरजेचं होतं. यकृतात गाठ निघाली होती. सर्जन उंचापुरा, घाईतला माणूस, पण बोलायला सरळ. तो म्हणाला होता, "कॅन्सरचीच गाठ आहे, पण लहान आहे. सुई घालून जागच्या जागी जाळून टाकता येईल. फक्त आधी पोटातलं पाणी हटलं पाहिजे आणि अंगात ताकद पाहिजे. ती आहे की नाही ते आमच्या आहारवाल्या बाई तपासतील. त्यांनी हो म्हटलं की मी तारीख देतो." मास्तरांना वाटलं, चला, एवढंच ना. खाण्यापिण्याचं विचारणाऱ्या बाई काय ते विचारतील, सही करतील, आपण घरी. वजनाची तर चिंताच नव्हती. आजार कळल्यापासून घरी रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि मास्तरीणबाईंनी खाली वाकून आकडा वाचायचा, हा नेमच झाला होता. आकडा तसूभर उतरला नव्हता, उलट थोडा चढलाच होता. तो चढला की मास्तरीणबाई आत जाऊन दुप्पट उत्साहाने भांडी वाजवायच्या. पँटची कंबर मास्तरांनी स्वतःच दोनदा सैल केली होती. "सुखाचं पोट आहे हे," असं ते दुकानात चारचौघांत सांगत. एखाद्याच्या अंगावर मांस चढतंय तर त्याला आजारी म्हणायचं कसं?

"मास्तर, काट्याला पाणी आणि मांस यांतला फरक कळत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा. "हे पाणी आहे. पोटातही तेच. इकडे पाणी भरतंय, तिकडे दंडातलं मांस जातंय, आणि काटा आपला दोन्हींची बेरीज करून सांगतोय, सगळं ठीक आहे म्हणून. म्हणून मी काट्याला फारसं विचारत नाही. दंडाला विचारते, हाताच्या पकडीला विचारते." मग त्यांनी एक दांडा असलेलं यंत्र त्यांच्या उजव्या हातात दिलं. दांडा मुठीत आवळायचा, की वर काटा सरकतो. मास्तरांना हसू आलं. या हाताने त्यांनी कोटाचं जाड कापड चार पदरी कापलं होतं, एका दमात, कात्री न उचलता. त्यांनी दांडा आवळला. "आणखी," बाई म्हणाल्या. त्यांनी आणखी आवळला. "आणखी, मास्तर, आणखी, पूर्ण जोर लावा." पूर्ण जोर लागून कधीच संपला होता. काटा जिथे थांबला तिथे बघून बाई काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत हेच मास्तरांना लागलं. गेल्या काही दिवसांत कात्री जड लागत होती. त्यांनी दोष कात्रीला दिला होता, धार लावणाऱ्याला दिला होता, एकदा तर कापडाच्या गिरणीलाही दिला होता. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. मास्तर घाबरले. गाठ आहे असं कळलं तेव्हा ते इतके घाबरले नव्हते, कारण गाठ आत कुठेतरी होती, दुसऱ्याने फोटोत दाखवलेली. हा हात मात्र त्यांचा होता.

बाईंनी विषय बदलला, किंवा मास्तरांना तसं वाटलं. "काल सकाळपासून काय काय खाल्लंत ते सांगा बघू." त्यांच्या मागच्या फळीवर रबराची खोटी फळं, प्लास्टिकचा ब्रेड, लहानमोठ्या वाट्यांत खोटा भात असा सगळा मांडामांड केलेला संसार होता. कोण किती खातो ते नेमकं कळावं म्हणून. त्यात मधोमध एक उकडलेलं अंडं होतं, अर्धं कापलेलं, पिवळंधमक. मास्तरांचा डोळा खोलीत आल्यापासून त्या अंड्यावर होता. "तसं पोटभरच," ते म्हणाले. "सकाळी थोडं, दुपारी व्यवस्थित, संध्याकाळीही." बाईंनी एक मोठी वाटी पुढे केली. "दुपारी भात एवढा?" मास्तर गप्प. त्यांनी छोटी वाटी पुढे केली. मास्तर आणखी गप्प. बाईंनी छोट्या वाटीतला रबराचा भात अर्धा काढून ठेवला, तेव्हा मास्तरांनी मान डोलावली. इतका वेळ जो चालला होता तो बोलाचाच भात होता, हे दोघांनाही कळलं. "बरोबर?" "बरोबर. आणि उकडलेल्या भाज्या. बिनमिठाच्या, बिनतेलाच्या. चव अशी की भिंत चाटावी." "दूध, दही?" "बंद." "डाळी? दाणे?" "बंद." "अंडं?" मास्तरांनी फळीकडे बघून एक सुस्कारा सोडला. "कुणी बंद केलं एवढं सगळं?" "मेहुण्याने." "डॉक्टर आहेत का ते?" "मोटारीच्या बॅटऱ्या विकतो. तो म्हणाला, यकृताला विश्रांती द्या, त्याच्यावर जड अन्नाचा भार टाकू नका. आणि आमच्या घरी हिचा भाऊ बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची कमतरता कुठल्याच घरात नसते, हे बाईंना बहुधा धंद्यामुळे माहीत असावं. त्या फक्त हसल्या. मग विचारलं, झोप? लागते. उलटी? नाही. खाज?

"खाज आहे," मास्तर म्हणाले. "दंडाच्या आतल्या बाजूने, काखेपासून खाली. दोन्हीकडे. या आजारात खाज येतेच म्हणे, म्हणून मलम दिलंय. पण मलमाला ती दाद देत नाही." बाईंनी त्यांचा हात वर करायला लावला, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि जवळ येऊन बघितलं. "या आजाराची खाज अशी पट्टीने आखल्यासारखी नसते हो," त्या म्हणाल्या. "सरळ रेघ आहे ही. काहीतरी घासतंय तुम्हाला." मास्तरांनी मान वाकडी करून बघितलं. लालसर, बारीक, शिवणीसारखी सरळ रेघ. आणि मग त्यांच्या हातांनीच, त्यांना न विचारता, मांडीवरचा शर्ट उचलला, घडी मोडली आणि बाही उलटी केली.

आत तीन शिवणी होत्या. सर्वांत बाहेरची त्यांची स्वतःची, म्हणजे जुन्या टिपेच्या भोकांची नुसती रांग, दोरा काढून घेतलेला. तिच्या आत बोटभर अंतर सोडून दुसरी टीप, आणि तिच्याही आत तिसरी, नवी. बाही दोनदा आत घेतली होती. उरलेलं कापड कापलेलं नव्हतं, तसंच दुमडून आत ठेवलेलं, आणि तोच जाड पदर चालता-बोलता दंडाला घासत होता. कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती. टीप संपते तिथे उलटे टाके घालून दोरा पक्का करतात. सगळं जग दोन घालतं, मास्तरीणबाई तीन घालतात. लग्नाआधी त्या दुकानात काजं-बटणं करायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्यांना टोकलं होतं, "दोन पुरतात." त्या मान वर न करता म्हणाल्या होत्या, "तुमचे पुरत असतील." या उत्तराने मास्तर जे गार झाले ते पुढे बोहल्यावर चढूनच गरम झाले, असं ते लेकीच्या लग्नात सर्वांना रंगवून सांगत. त्याच तीन टाक्यांची सही इथे बाहीच्या आत होती. नीट आठवलं तर एक दुपार आठवत होती. दुकानातल्या मोठ्या आरशात त्यांना शर्ट खांद्यावरून हँगरवर टांगल्यासारखा लोंबताना दिसला होता, आणि ते तिथेच स्टुलावर बसून राहिले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तोच शर्ट घातला तर चांगला बसला. त्यांना वाटलं, आरशावर धूळ असेल. जिवात जीव आला, भाजीसुद्धा गिळली. म्हणजे ते दुपारचे आडवे व्हायचे तेव्हा ही बाई खाली दुकानात बसून त्यांचे शर्ट एकेक करून आत घेत होती. आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. साऱ्या गावाची मापं घेणाऱ्याच्या दंडाचं माप त्याच्याच बायकोने त्याच्यापासून लपवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मास्तरांना आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, आणि ते पोटातल्या पाण्यासकट त्यांना गदगदा हलवू लागलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. मास्तरांनी उलटी बाही त्यांच्यापुढे धरली आणि सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या दोन टिपांकडे बघत बसल्या. "मास्तर, लोकांना मी विचारते, कधीपासून बारीक झालात? कुणाला सांगता येत नाही. तुमचं तर इथे शिवून ठेवलंय. वहिनींना आत बोलवा जरा." मास्तरीणबाई बाहेरच्या बाकावर एका अनोळखी म्हाताऱ्याला त्याच्या कोटाचं लोंबतं बटण लावून देत होत्या. सुई पर्समध्ये कायम. त्या आत आल्या, मास्तरांच्या हातातली उलटी बाही बघितली आणि दारातच थबकल्या. मग त्यांनी पदर सावरावा तसं उगाच पर्सचा बंद सावरला आणि म्हणाल्या, "ते... बाही जरा ढगळ वाटत होती." "ही मधली टीप कधी मारलीत?" बाईंनी विचारलं. "गणवेशांची गर्दी सुरू झाली तेव्हा." "आणि ही आतली?" "गर्दी ओसरली तेव्हा." बाईंनी दोन्ही टिपांमधलं अंतर टेपने मोजलं आणि लिहून घेतलं. "म्हणजे एका हंगामात एवढं गेलं," त्या हळूच म्हणाल्या. मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. "मी काही चुकीचं केलं का हो? ते जेवेनात. नुसते आरशात बघत बसायचे. म्हटलं, शर्ट बसला तर मन तरी बसेल." बाई म्हणाल्या, "शिवण्यात तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते स्वयंपाकघरात."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मास्तरीणबाई खुर्चीत टेकल्याच. आजारी यकृताला अन्न साठवून ठेवता येत नाही. माणूस उपाशी राहिला, की शरीर दंडातलं, मांडीतलं मांस मोडून खातं, आणि रात्रीची झोप हाही एक उपासच. तेव्हा यकृताला उपाशी ठेवून विश्रांती मिळत नाही, खर्च तेवढा दंडाच्या खात्यावर पडतो. मीठ कमी, ते कमीच राहू द्या, पोटातल्या पाण्यासाठी. पण अंडं हवं, दूध-दही हवं, डाळी हव्यात, दाणे हवेत, थोडं-थोडं आणि वरचेवर. झोपायच्या आधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. आणि दिवसातून काही वेळा हात न टेकवता खुर्चीतून उठायचं, बसायचं, उठायचं. "आज मी सर्जनना हो म्हणू शकत नाही," बाई म्हणाल्या. "या ताकदीवर ते सुई घालणार नाहीत, आणि घालूही नये. पण गाठ लहान आहे, काही आठवडे आपल्या हातात आहेत. खूप नाहीत, पण आहेत. तेवढ्यात दंड पुढच्या वेळी मला थोडा तरी भरलेला दिसला पाहिजे." मास्तरीणबाई कितीतरी वेळ फळीवरच्या रबरी अंड्याकडे बघत होत्या. "म्हणजे मीच यांना उपाशी मारत होते," त्या म्हणाल्या. मास्तरांना ते बघवेना. "तू नाही गं," ते म्हणाले, "तो बॅटरीवाला. माणूस डिस्चार्ज कसा करायचा एवढंच त्याला येतं." बाई हसल्या, मास्तरीणबाईंनाही डोळे पुसता पुसता हसावं लागलं.

परत जाताना बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले आणि बायकोवर रागावायचं ठरवून रागावले. बाही आत घेतली यावर ते बोललेच नाहीत. ते बोलले टिपेवर. "टाका केवढा मोठा घातलास. ट्रायलच्या आधी मारतात तसली कच्ची टीप. नखाने ओढली तरी निघेल. इतक्या वर्षांत तुझ्या हातून असं काम झालेलं मी बघितलं नाही. आणि उरलेलं कापड तरी कापायचंस. जाड पदर आत ठेवलास, दंड सोलून निघाला माझा. शिकाऊ मुलगीसुद्धा कापते." मास्तरीणबाई समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "घाईत झालं." "आणि आजपासून माझ्या शर्टाला हात लावायचा नाही. आत घ्यायचा नाही, बाहेर सोडायचा नाही. आहे तसा राहू दे. निदान शर्टाने तरी माझ्याशी खरं बोलावं." "बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या. इतक्या पटकन त्या कधीच बरं म्हणत नसत, म्हणून मास्तरांनी वळून बघितलं, पण त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

त्यानंतर घराचा रंगच पालटला. मास्तरीणबाईंनी भावाला फोन करून जे सुनावलं, ते वरच्या मजल्यावरून खाली दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं आणि कुणी मापाची घाई केली नाही. सकाळी अंडं, दहाच्या सुमाराला दाणे, दुपारी डाळ, संध्याकाळी दही, झोपताना दूध आणि ब्रेड. मास्तरांची भूक अशी सहजासहजी परत येणारी नव्हती, कित्येकदा पहिल्याच घासाला पोट भरून यायचं. मग मास्तरीणबाई ताट न उचलता समोर बसून दुकानातल्या उचापती सांगायच्या, आणि ऐकता ऐकता आणखी दोन घास आत जायचे. खुर्चीतून उठबस करताना मास्तर स्वतःच मोजत आणि स्वतःच लबाडी करत, म्हणून मोजायचं काम त्या करू लागल्या. पाणी उतरवायच्या गोळ्यांनी पोट उतरू लागलं, पँटची कंबर पुन्हा आत घ्यावी लागली आणि काट्यावरचा आकडा घसरत चालला. यजमानाचं वजन घटलं म्हणून खूश होणारं घर दुसरीकडे सापडायचं नाही. पण दंडाचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टेप गळ्यात लटकत असायचा, हात दिवसातून कितीदा तरी त्याच्याकडे जायचा, आणि मास्तर तो परत सोडून द्यायचे. स्वतःचं माप आता त्यांना भीती घालत होतं. रोज टेप लावला तर रोज आशा लागेल आणि रोज मोडेल, त्यापेक्षा एकदाच काय ते कळू दे. खाज चालूच होती. पण ती आता आजाराची राहिली नव्हती, शिवणीची होती, त्यामुळे तिचा राग येत नव्हता. कापड बेतता बेतता हात पुढे गेला, की आतला पदर घासायचा. मास्तरांना वाटायचं, शर्टाच्या आत बसून कुणीतरी कोपराने ढोसतंय, आहात ना म्हणून विचारतंय. आहे, ते मनातल्या मनात म्हणायचे आणि पुढे कापायला लागायचे. कधी मात्र सगळंच व्यर्थ वाटायचं. बाई पुन्हा गप्प बसतील, पुन्हा काही आठवडे म्हणतील, आणि तेवढ्यात गाठ लहान राहणार नाही. असं वाटलं की ते एक दाणा तोंडात टाकायचे. चावत असताना माणसाला फार वाईट विचार करता येत नाही, हा शोध त्यांना या आजारात लागला.

पुन्हा दाखवायला जायचं होतं त्या सकाळी मास्तर आंघोळ करून तोच शर्ट घालून खाली दुकानात आले. निघायला थोडा अवकाश होता. मास्तरीणबाई मशीनवर एका फ्रॉकची झालर संपवत होत्या. एका गिऱ्हाइकाला द्यायचं निळं कापड वरच्या फळीवर होतं, ते खाली काढून ठेवावं म्हणून मास्तरांनी टाचा उंचावून हात वर नेला, ताग्याला हात घातला आणि ओढलं. तेव्हा तो आवाज झाला. टर्र. उभ्या जन्मात त्यांनी कुठल्या आवाजाचा तिरस्कार केला असेल तर याचा. त्यांच्या हातच्या कपड्यातून तो कधी आला नव्हता, आणि आला असता तर त्यांनी दुकान बंद केलं असतं. मास्तर हात वर तसाच ठेवून उभे राहिले. मशीन थांबलं. मान वळवून त्यांनी काखेखाली बघितलं, तर आतली टीप काखेपासून कोपरापर्यंत सुटली होती आणि दुमडून ठेवलेला कापडाचा पदर मोकळा होऊन बाही दंडावर सैलावून बसली होती. कापड कुठेही फाटलं नव्हतं. फक्त दोरा गेला होता, एका टोकाला तीन उलटे टाके तेवढे शाबूत. इतके दिवस घासणारी ती जागा एकदम शांत झाली. मास्तरांना आधी कळलंच नाही की ही शांतता कसली. मग कळलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती चष्म्यावरून त्यांच्या दंडाकडे बघत होती, आणि तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुझी टीप उसवली," मास्तर म्हणाले.

"हो का," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कच्चीच होती."

मास्तरांना बस आठवली, आपण काय काय बोललो ते आठवलं. मोठा टाका, न कापलेलं कापड. पक्की टीप मारली असती आणि पदर कापून टाकला असता, तर हा शर्ट कायमचा लुकड्या माणसाचा झाला असता. एवढी साधी गोष्ट, आणि शिकाऊ मुलीलासुद्धा कळते म्हणून ते तिला सुनावून आले होते. ते काहीतरी बोलणार होते, पण मास्तरीणबाई सुई ओवत उठल्या. "थांबा, दोन टाके घालते. असं उसवलेल्या शर्टाने जाणार का चार लोकांत?" "असाच जाणार," मास्तर म्हणाले. "बाईंना दाखवायचंय."

आणि ते तसेच गेले. ज्या माणसाच्या कॉलरवरून गल्लीतले लोक आपली कॉलर सरळ करत, तो काखेत उसवलेला शर्ट घालून बसस्टॉपवर उभा राहिला, आणि लांबून येणाऱ्या बसला गरज नसताना हात उंच करकरून थांबवू लागला. बसमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाने वाकून कानात सांगितलं, "मास्तर, बाही उसवलीय." मास्तर म्हणाले, "माहीत आहे. माझ्याच दंडाने उसवलीय ती." गिऱ्हाईक बुचकळ्यात पडून पुढच्या सीटवर जाऊन बसलं. मास्तरीणबाई खिडकीबाहेर बघत हसत होत्या. दवाखाना जवळ आला तसे मात्र मास्तर बाहीकडे संशयाने बघू लागले. दोरा जुना असेल, ताण वेडावाकडा पडला असेल, तागा जड होता. एका उसवलेल्या टिपेवर माणसाने किती भरवसा ठेवायचा? ज्या शर्टाने एकदा फसवलं तो दुसऱ्यांदा फसवणार नाही कशावरून? त्यांनी पर्सच्या बंदाशेजारी पडलेला बायकोचा हात धरला. भर बसमध्ये, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

दोघंही आत गेली. बाईंनी बाहीकडे बघितलं, उसवलेल्या टिपेवरून बोट फिरवलं, पण मान आडवी हलवली. "शर्टाला मी काट्याइतकंच विचारते," त्या म्हणाल्या. "उतरवा." चष्मा डोक्यावर, टेप हातात. मास्तर छताकडे बघत राहिले. टेपचा गार स्पर्श दंडाभोवती फिरला, थांबला. या वेळी त्यांनी उलटा आकडा वाचला नाही. डोळे मिटून घेतले. मग दांडा हातात आला. त्यांनी आवळला, आणि कुणी आणखी म्हणायच्या आधीच आणखी आवळला, सकाळचं अंडं, दाणे, डाळ, बायकोच्या सगळ्या उचापती, सगळं त्या मुठीत लावलं. बाईंनी यंत्राचा काटा वाचला. टेबलावरचा फोन उचलला. "सर, शिंपी मास्तर आलेत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून हो आहे. तारीख द्या." मास्तरांनी डोळे उघडले. फळीवरचं अंडं जागच्या जागी होतं. मास्तरीणबाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली, मांडीवरच्या शर्टातून तुटक्या दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचून काढले, शेवटी ते तीन उलटे टाकेही कापले, आणि बाही सुलटी करून शर्ट मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी हात घालता घालता बाहीत बघितलं. बाहेरची ती दुसरी टीप अजून तिथे होती, गणवेशांच्या गर्दीत मारलेली, आणि तिच्या पलीकडे त्यांच्या स्वतःच्या जुन्या टिपेची भोकं.

"ही तरी पक्की आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मास्तरीणबाई कॉलर सरळ करत म्हणाल्या. "ती पण कच्चीच आहे."